मळमळतंय म्हणजे दिवस गेलेत का?

प्रश्न जुळे सोलापुरातून आलाय. वय २६, लग्नाला दीड वर्ष झालं, पाळी २८ दिवसांनी नेमाने येते, पुढची तारीख येत्या मंगळवारी. गेल्या शुक्रवारपासून छाती जड वाटते, दुपारी ऑफिसात डोळे मिटतात, सासूबाईंनी शेंगाची चटणी कुटायला घेतली की लसणाच्या वासाने नको होतं. सासूबाई म्हणतात, "लक्षणं दिसायलीत की." काल बुधवारी गुपचूप किट आणून बघितलं तर एकच रेघ. आणि आता विचारलंय की टेस्टच्या आधी आपलं आपल्याला कळतं का, आणि कळत असेल तर कोणतं लक्षण खरं मानायचं.

सोलापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला २० वर्षांच्या वर झाली. आधी सरळ उत्तर देते, मग कारण. पाळीची तारीख उलटायच्या आधी नुसत्या लक्षणांवरून दिवस गेलेत की नाही हे कळत नाही. तुम्हाला नाही, सासूबाईंना नाही आणि टेबलावर घेऊन तपासलं तर मलाही नाही. "मला तर बाई दुसऱ्याच दिवशी कळलं होतं" असं सांगणारी एखादी काकू प्रत्येक घरात असते. ती खोटं बोलते असं नाही. पण ज्या महिन्यांत तिला अगदी तसंच वाटलं आणि चार दिवसांनी पाळी आली, ते महिने ती विसरून गेलेली असते.

असं का होतं ते सांगते. पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीजकोशातून बीज बाहेर पडतं. ते जिथून फुटून निघालं तिथे एक पिवळट गाठ तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडायला लागते. गर्भ आलाच तर त्याला अंथरूण-पांघरूण तयार असावं, म्हणून. गंमत अशी की या गाठीला पुढचं काही माहीत नसतं. बीज फळलं असो की वाया गेलं असो, ती दर महिन्याला तेवढ्याच इमानाने राबते. छाती ठणकते ती प्रोजेस्टेरॉनमुळे. आतडी मंदावतात, पोट फुगतं, शौचाला साफ होत नाही, डोळ्यांवर झापड येते, उगीच रडू येतं, हेही मुख्यतः त्याच्यामुळेच. पाळी येणार असली तरी हेच आणि दिवस गेले असले तरी हेच. पाळीच्या आधीच्या आठवड्यात दोन्हींतला फरक शरीराबाहेरून दिसण्यासारखा नसतो.

आता तुमचाच हिशोब मांडू. तारीख मंगळवारी आहे, म्हणजे बीज सुटलं असेल ते त्याच्या दोन आठवडे आधीच्या मंगळवारी. फळलेलं बीज नळीतून सरकत गर्भाशयात यायला साधारण चार दिवस घेतं. अस्तरात ते रुजतं बहुतेक वेळा बीज सुटल्यापासून ८ ते १० दिवसांनी. थोडं आधी किंवा १२ दिवसांपर्यंतही चालतं. रुजल्यानंतरच एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं, आणि किटवरची दुसरी रेघ उमटते ती फक्त त्याच्यामुळे. तुमची छाती जड व्हायला लागली शुक्रवारी. म्हणजे तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी गर्भ असलाच तरी तो नळीतच होता, अजून कुठे रुजलेला नव्हता, एचसीजीचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे शुक्रवारची जड छाती ही गर्भाची खूण असूच शकत नाही, ती त्या पिवळ्या गाठीची आहे. आणि किट केलं तो आठवा दिवस. तेव्हा कालची एक रेघ म्हणजे 'नाही' असं धरू नका. दुकान उघडायच्या आधी जाऊन शटर बंद का म्हणून विचारल्यासारखं झालं ते.

यातून तुम्ही निराशही होऊ नका आणि हुरळूनही जाऊ नका. दिवस गेलेले असू शकतात. फक्त ते अजून कोणालाच कळलेलं नाही.

तारीख उलटल्यावर मात्र लक्षणांना अर्थ येतो. सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात खरं लक्षण कोणतं विचाराल तर पाळी न येणं. ऐकायला साधं वाटतं, म्हणून बायका ते लक्षणांत धरतच नाहीत, मळमळीची वाट बघत बसतात. मळमळ पहिल्या दिवशी येत नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर ती बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, म्हणजे तारीख उलटून दहा-पंधरा दिवस झाल्यावर. आठव्या ते दहाव्या आठवड्यात ती सर्वांत जास्त असते, तिसरा-चौथा महिना लागला की उतरते. 'सकाळची मळमळ' हे नाव फसवं आहे. माझ्याकडच्या कितीतरी जणींना ती संध्याकाळी पाचनंतर, घराघरांतून फोडणीचे वास सुटायला लागले की सुरू होते. काहींना मळमळ होतच नाही, आणि त्यांचे गर्भ अगदी ठणठणीत असतात. त्यामुळे "मला काहीच होत नाही, म्हणजे काही नाही" हेही खरं नव्हे.

मळमळीच्या आधी किंवा सोबत आणखी काही गोष्टी येतात. छाती पाळीच्या आधी दुखते तशीच दुखायला लागते, पण पाळीची तारीख गेल्यावर उतरायची ती उतरत नाही, उलट वाढते. स्तनाग्रांभोवतीचा काळा भाग गडद होतो, त्यावरचे बारीक दाणे ठळक दिसतात, पण हे दिसायलाही काही आठवडे जातात. लघवीला वारंवार जावं लागतं. अंगावरून पांढरं थोडं जास्त जातं. त्याला खाज नसेल, घाण वास नसेल, दह्यासारख्या गुठळ्या नसतील तर काळजी नाही. तोंडाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यासारखी चव येते असं पुष्कळ जणी सांगतात. आणि थकवा. हा थकवा म्हणजे पाणी आल्या दिवशी अर्ध्या रात्री उठून टाकी, पिंप, घागरी भरून झोपमोड होते तसला नव्हे. आठ तास झोपून उठल्यावर दात घासता घासता परत आडवं व्हावंसं वाटतं, तसला.

यातलं एकही लक्षण एकटं धरून चालत नाही. मी बायकांना विचारते ते वेगळंच: "दर महिन्याला होत नाही असं या महिन्यात काय होतंय?" छाती दर महिन्याला दुखते तिची छाती दुखली तर त्यात बातमी नाही. पण जिला कधीच दुखत नाही तिची दुखायला लागली, किंवा दर पाळीला कंबर धरते तिची या वेळी तारीख गेली तरी कंबर गप्प आहे, तर मी कान टवकारते. यासाठी आपल्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा आणि त्याआधीच्या आठवड्याचं कसं असतं ते लिहिलेलं हवं. दात्यांचं पंचांग सोलापुरातून निघतं आणि महाराष्ट्रभर तिथी सांगतं, पण इथल्या बायकांना "शेवटची पाळी कधी आली?" म्हटलं की उत्तर येतं, "पोराच्या परीक्षेच्या टायमाला." भिंतीवरच्या कॅलेंडरावर एक फुली मारली, मोबाइलमध्ये एक तारीख टाकली, तरी माझं अर्धं काम होतं.

थर्मामीटरचीही एक पद्धत आहे. रोज सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आत तापमान घ्यायचं. बीज सुटल्यावर ते अर्ध्या अंश सेल्सिअसच्या आत-बाहेर वाढतं, आणि वाढलेलं १८ दिवसांच्या वर तसंच राहिलं तर दिवस गेल्याची शक्यता चांगली. शास्त्र बरोबर आहे. पण एप्रिल-मे मध्ये, ४३ अंशांत, गच्चीवर झोपून पहाटे डासांनी उठवलेल्या बाईला मी हे सांगत नाही.

डागांबद्दल जरा थांबून बोलते, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. गर्भ रुजताना काहींना तारखेच्या आसपास एखादा गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. दिवसभरात, फार तर दोन दिवसांत संपतो, पॅड भिजत नाही. सगळ्यांना दिसत नाही, आणि दिसला म्हणजे गर्भच, असंही नाही. खरी अडचण वेगळी आहे. बाई तो डाग पाळी समजते. "आली, पण या वेळी कमी आली." हे वाक्य ऐकलं की मी किट हातात देते, मग ती काहीही म्हणो.

टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर बसणारी एक बाई मला आठवते, तिशीच्या पुढची, पहिला मुलगा शाळेत जाणारा. पाळी तारखेला आली, पण काळपट, थेंब थेंब, नऊ दिवस. उजव्या बाजूला ओटीपोटात कळ यायची. मशीनवर एका अंगाने बसून असेल, म्हणून तिने दुखण्याची गोळी घेतली आणि काम केलं. दहाव्या दिवशी रात्री बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. नवऱ्याने आणलं तेव्हा हातपाय गार, नाडी वेगाने पळत होती, आणि ती सारखी म्हणत होती की खांदा दुखतोय. पोटात रक्त साठलं की श्वासपटलाला टोचणी लागते आणि दुखतं खांद्याच्या टोकाला. घरच्यांना वाटलं पडताना खांद्याला मार बसला. गर्भ गर्भाशयात नव्हता, नळीत वाढत होता आणि नळी फुटली होती. रात्रीच ऑपरेशन झालं, ती वाचली. शंभर गर्भारपणांत एक-दोन असे नळीत अडकतात. नऊ दिवसांत एकदा किट केलं असतं तर दुसरी रेघ बहुधा दिसली असती, मग सोनोग्राफी झाली असती आणि कदाचित नळी फुटायच्या आत काही करता आलं असतं. तेव्हा एका बाजूला राहून राहून दुखणं, नेहमीपेक्षा वेगळं रक्त, डोळ्यांपुढे अंधारी, खांद्यात कळ, यातलं काही असेल तर किटची दुसरी रेघ शोधत बसू नका, सरळ दवाखान्यात या. रात्र असेल तर रात्री.

तुमच्यासारख्या मुली लक्षणं लवकर बघतात. पण माझ्या ओपीडीत त्याहून जास्त दिसतात त्या लक्षणं न बघणाऱ्या बायका. आपल्याकडे मळमळीला एक तयार उत्तर आहे: पित्त. उन्हाळ्यात दुसरं: ऊन लागलं. थकव्याला तिसरं: रक्त कमी आहे. तिन्ही उत्तरं बऱ्याचदा खरीही असतात, म्हणूनच घात होतो. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांचं तर आणखी अवघड. दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू, नाकातोंडात त्याची धूळ. वर सकाळी आणि दुपारी मिशरी. तंबाखूनेही मळमळतं, डोकं गरगरतं, भूक मरते. त्यातून डोहाळ्यांची मळमळ वेगळी काढायची कशी?

माझी स्वतःची चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली आहे. विडी कामगार बाई, कडेवर अकरा महिन्यांचं बाळ, अंगावर पीत होतं. "मॅडम, पित्त लई झालंय, अन्न बघवत नाही." डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या. मी पित्ताची गोळी दिली, लोहाची दिली, मिशरी सोड म्हणून दटावलं आणि पाठवलं. पाळीचं विचारलं होतं, ती म्हणाली होती, "बाळंतपणानंतर आलीच नाही की ओ." अंगावर पाजतेय, नसेल आली, असं मी धरून चालले. काही आठवड्यांनी ती परत आली. पित्त आपोआप कमी झालं होतं, पण "पोटात काहीतरी फडफडतंय." हात लावला तर गर्भाशय बेंबीच्या जवळ आलेलं. पाचवा महिना. तिला मूल नको होतं असं नाही, पण इतके महिने ती तसल्या रक्तावर, तसल्या तंबाखूत, एका बाळाला पाजत दुसरं वाढवत होती आणि मी ते बघून सोडून दिलं होतं. पाजणाऱ्या बाईला पाळी न येता दिवस जाऊ शकतात, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी त्याच्यानंतर येते. पाजण्याचा भरवसा धरायचा तो पहिल्या सहा महिन्यांपुरता, तेही बाळ फक्त अंगावर असेल आणि पाळी एकदाही आलेली नसेल तर. तेव्हापासून मळमळ सांगणारी कोणतीही बाई, १८ ची असो की ४५ ची, तिचं किट झाल्याशिवाय मी पित्ताची गोळी लिहीत नाही. पंचेचाळिशीच्या बायका हसतात. "आता कसलं, जायची वेळ आली पाळी." त्यांच्यातही दोन रेघा बघितल्यात मी.

आणखी एक सोलापुरी भानगड. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा, मग लग्नसराई, आषाढीला पंढरपूर. प्रत्येक वेळी मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. या गोळ्यांतही प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं, म्हणजे छाती, पोट, मळमळ सगळं तसंच होणार. गोळ्या थांबवल्यावर बहुतेक दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा झाला तरी आली नाही तर "गोळ्यांनी पाळी बिघडली" म्हणत महिनाभर काढू नका, किट करा. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची जी गोळी असते तिनेही पाळी आठवडाभर मागेपुढे होते. आणि पीसीओडीमुळे ज्यांची पाळी कधी ३५ तर कधी ५० दिवसांनी येते, त्यांना 'तारीख' असा प्रकारच नसतो. त्यांनी शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजावेत आणि मग टेस्ट करावी. त्या दिवशी आलेलं उत्तर भरवशाचं.

किटबद्दल. साखर, मीठ, टूथपेस्ट घालून लघवी बघायचे व्हिडिओ मला रुग्ण दाखवतात. फेस कोणत्याही लघवीला येतो. नाडी बघूनही कळत नाही. मेडिकलमधलं साधं, स्वस्त किट पुरे, महागडं घ्यायची गरज नाही. गावाकडे आशाताईंकडे 'निश्चय' नावाचं किट मोफत मिळतं. पाकिटावरची मुदत बघा. बहुतेक किट ३० अंशांच्या आत ठेवायला सांगितलेली असतात, आणि आपण ते स्कूटीच्या डिकीत टाकून दुपारभर उन्हात फिरवतो. आणलं की घरात सावलीत ठेवा. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यायची, ड्रॉपरने दोन-तीन थेंब त्या गोल खाचेत टाकायचे आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं. आदल्या रात्री "लघवी जास्त यावी" म्हणून तांब्याभर पाणी पिऊ नका, ती पातळ होते. 'सी'समोर रेघ आलीच नाही तर किट खराब, दुसरं आणा. 'टी'समोरची रेघ वेळेत उमटली असेल आणि तिला रंग असेल, तर ती कितीही फिकी असली तरी ती रेघच. मात्र तासाभराने कचऱ्यातून किट परत काढून उजेडाकडे धरलं की एक राखाडी सावली दिसते. लघवी वाळल्याची खूण आहे ती. अशी किट पिशवीत घालून जोडपी माझ्याकडे येतात आणि टेबलावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघतात. मी ते बाजूला सारते आणि नवीन करते.

मूल राहावं म्हणून ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी एक लक्षात ठेवायचं. बीज फुटण्यासाठी जे इंजेक्शन देतात ते बहुधा एचसीजीचंच असतं. ते अंगातून जायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर दुसरी रेघ खोटी येऊ शकते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच टेस्ट करा.

"मग रक्ताची टेस्ट करून आजच का बघू नये?" असंही काही जणी विचारतात. करता येते, किटपेक्षा ती दोन-चार दिवस आधी सांगते. मी सहसा लिहून देत नाही. रुजलेले बरेच गर्भ पहिल्या काही दिवसांतच आपोआप गळून जातात, पाळी चार दिवस उशिरा येते एवढंच. पूर्वीच्या बायकांना ते कळायचंही नाही. आता घाईने केलेल्या टेस्टमुळे कळतं, आणि सोमवारी पेढे वाटलेल्या घरात शुक्रवारी सुतक पसरतं. आधी गर्भपात झालेला असेल, नळीत गर्भ राहिलेला असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांनी तारीख चुकल्या चुकल्या यावं.

तुमच्या हातात आत्ता एक गोष्ट आहे, आणि ती लक्षणं मोजण्यापेक्षा कितीतरी उपयोगाची. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर प्रत्येक महिन्याचा हा शेवटचा पंधरवडा दिवस गेलेतच असं समजून वागायचं. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, खरं तर दिवस जायच्या आधीपासूनच चालू हवं, कारण बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्यापर्यंत मिटलेली असते. म्हणजे कित्येक जणी किट करतात तेव्हा ते काम संपत आलेलं असतं. मधुमेह असेल, फिट्सची गोळी चालू असेल, तर मात्रा डॉक्टरांना विचारा, आणि फिट्सची गोळी स्वतःहून बंद करू नका. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल तर मूल राहण्याचा प्रयत्नच करू नका, त्याने बाळात गंभीर व्यंग येतं. त्वचेच्या डॉक्टरांना विचारून बंद करा, आणि बंद केल्यावर महिनाभर थांबा. थायरॉईडची गोळी मात्र सोडायची नाही. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल चालते, इतर दुखण्याच्या गोळ्या टाळा. घरात कोणी मिशरी लावत असेल तर तिलाही हे वाचून दाखवा. पिकलेल्या पपईची फोड चुकून खाल्ली म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. कच्ची मात्र नको.

ही बातमी ज्यांना नको आहे, त्याही हे वाचत असतील. लग्न झालेलं असो वा नसो, २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' याऐवजी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असा शब्द आला आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, काही ठराविक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात कायदेशीर होतो, आणि बाईचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. तेव्हा कोणाच्या तरी ओळखीने मेडिकलवरून गोळ्या आणून घरात घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, फक्त रक्त जातं आणि "झालं मोकळं" असं वाटतं. टॉवेलच्या कारखान्यातली बाई वर सांगितलीच.

आता तुमचा पुढचा आठवडा. आज गुरुवार. मंगळवारपर्यंत दुसरं किट आणायचं नाही. मंगळवारी पाळी आली तर प्रश्न मिटला, पुढच्या महिन्याची फुली मारा. नेहमीसारखी न येता नुसते डाग आले तर ते धरून चालू नका, बुधवारी-गुरुवारी किट करा. काहीच आलं नाही तर शनिवारी सकाळी. शनिवारी एकच रेघ आली आणि तरीही पाळी नाही, तर त्याच्या पुढच्या मंगळवारी परत. बीज कधी कधी चार-पाच दिवस उशिरा सुटतं, प्रवासाने, तापाने, नुसत्या टेन्शननेही. तेव्हाही एकच रेघ असेल तर पाळी का लांबली ते बघायला या.

दोन रेघा आल्या तर त्याच दिवशी सोनोग्राफीला धावू नका. पाचव्या आठवड्याच्या आत पडद्यावर काही दिसत नाही, ठोके सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसतात, आणि लवकर गेलं की "काही दिसत नाही" ऐकून घरी रडारड होते. दुखणं नसेल, रक्त नसेल, तर शेवटच्या पाळीपासून सात आठवडे मोजून या. येताना ती तारीख एका कागदावर लिहून आणा. सासूबाईंना सोबत आणलंत तरी चालेल, चटणीचा विषय मी काढेन त्यांच्याशी.